गच्चीवरचा बर्फ कुणी काढला?

मी लिहितेय ते घडलेलं आहे. पटवून द्यायचा मला सोस नाही. खोटं वाटेल त्यांनी खुशाल खोटं म्हणावं. एखाद्या सकाळी मलाही तसंच वाटतं.

पण मग हमादानहून फोन येतो...

जागा हमादान, इराणातल्या आल्वंद डोंगराच्या पायथ्याचं आमचं गाव. दिवस आबान या पानगळीच्या महिन्यातला शेवटचा शुक्रवार. वेळ दुपारची, जेवणानंतरच्या झोपेची.

रात्र नव्हती. यातलं जे काही घडलं ते सगळं दिवसाउजेडी घडलं. मला भीती वाटते ती त्याचीच.

घर माझ्या काकांचं. आमच्याकडे काकाला अमू म्हणतात. हश्मतअमू. त्यांना मूलबाळ नाही. त्यांची बायको अख्तरजान, तिनेच मला वाढवलं म्हटलं तरी चालेल. मी दवाखान्यात नर्स म्हणून लागले तेव्हा त्यांच्याकडेच राहायचे. वर आम्ही तिघं. खाली भाडेकरू, उस्ता इरज आणि त्यांची बायको तूबा खानूम.

उस्ता इरज पिंजारी. कापूस पिंजायचे, रजया शिवायचे. आमच्या भागातल्या कितीतरी नवऱ्यामुलींच्या लाल साटीनच्या रजया त्यांच्या हातच्या. दिवसभर खालून धुनकीचा, पिंजायच्या धनुकलीचा, आवाज यायचा.

टण्ण... टण्ण... टण्ण...

आवाज थांबला की आम्ही समजायचो, उस्ता जेवायला बसले.

अमूंचं काम एकच. घर.

निवृत्त झाल्यापासून ते वर्षभर घराच्या मागे असायचे. नवरोजची सुट्टी संपली की गच्चीवरच्या कूलरची ताडपत्री सोडायची, जुनं गवत फेकून नवं भरायचं, पंपाला तेल द्यायचं. उन्हाळ्यात पाण्याची टाकी घासायची, गच्चीवरच्या भेगा उकळत्या डांबराने बुजवायच्या. पानगळीत अक्रोडाच्या पानांनी तुंबलेल्या पन्हळी मोकळ्या करायच्या. थंडीआधी नळांना गोणपाट गुंडाळायचं. घरातल्या बुखाऱ्या, म्हणजे गॅसच्या शेगड्या, त्यांची गच्चीपर्यंत गेलेली धुराडी साफ करायची. आणि बर्फ पडला की दर खेपेला फावड्याने गच्ची मोकळी करायची, नाहीतर आमची सपाट छतं भाराने बसतात.

हे सगळं ते स्वतः करायचे. माणूस लावायचा नाही. दुसऱ्या कुणी गच्चीवर पाऊलही ठेवायचं नाही. दाराला कुलूप, किल्ली बंडीच्या खिशात.

"तुम्ही लोक डांबरावर टाचा आपटत चालता," म्हणायचे.

त्या वर्षी त्यांचा गुडघा सुजला. पन्हळी झाल्या, कूलर झाला, नळ झाले. धुराडी राहिली.

एका सकाळी उस्तांनी अंगणातून हाक मारली. मी खिडकीत चहा पीत होते.

"हश्मतआगा, आमच्या बुखारीची ज्योत पिवळी जळतेय हो. भिंतीला काजळी धरलीय. धुराड्यात काहीतरी अडकलंय."

"बघतो उस्ता. गुडघा जरा उतरू दे."

"किल्ली टाका खाली, मी जाऊन येतो."

"तुम्ही? काडीसारखे तुम्ही. वर वारा आहे, उचलून थेट मलायेरला नेऊन टाकेल, मेहुणीच्या दारात!"

"मग बरंच की, बसचं भाडं वाचेल!"

दोघं हसले. मीही हसले.

पुढच्या आठवड्यात उस्तांनी पुन्हा आठवण केली. अमू म्हणाले, "या जुम्यानंतर नक्की."

त्या जुम्याला, शुक्रवारी, तूबा खानूम सकाळीच बहिणीकडे मलायेरला गेल्या. उस्तांना खोकला होता. निघण्यापूर्वी त्यांनी कापसाच्या वळकट्या करून खिडक्यांच्या फटींत कोंबल्या. एकूण एक फट. नवऱ्याला गार वारा लागायला नको म्हणून.

दुपारी धुनकी थांबली.

आम्हाला वाटलं, जेवायला बसले.

मग कुणीतरी रजई न्यायला आलं. दार वाजवत राहिलं... वाजवत राहिलं... शेवटी अमूंना हाक मारली. अमूंनी खांद्याने दार उघडलं, आणि मी त्यांच्या मागून आत गेले.

उस्ता कुशीवर झोपले होते. गाल गुलाबी. जिवंत माणसाचेही इतके गुलाबी नसतात.

मी नर्स आहे. बघताक्षणी कळलं, बुखारीच्या विषारी वायूने गेलेत.

तरी मी छाती दाबत राहिले. ओरडून खिडक्या उघडायला सांगितल्या. अख्तरजानने उघडल्या तेव्हा फटींतला कापूस फरशीवर पडला. अमू खोलीत नव्हते. दवाखान्याची गाडी आली तेव्हा ते जिन्यावरून खाली उतरत होते, धापा टाकत, एक हात कोटाच्या खिशात.

"जीव घुसमटला. वर वारा घ्यायला गेलो होतो," म्हणाले.

कुणी काही विचारलं नाही. मीही नाही.

तपासणीची माणसं आली. धुराडं बघितलं, अगदी मोकळं. खिडक्या बघितल्या, कापूस बघितला. एकजण म्हणाला, "हवा आत यायला जागाच ठेवली नव्हती. कुणी केलं हे?"

संध्याकाळी तूबा खानूम आल्या. रडल्या नाहीत. दोन्ही हात पुढे धरून प्रत्येकाला दाखवत राहिल्या.

"या हातांनी. मी एक फट सोडली नाही हो. एकसुद्धा फट सोडली नाही मी."

अमू त्यांच्या शेजारीच उभे होते. म्हणाले, "नशीब, खानूम."

सातव्या दिवशी बायका हलवा खाता खाता कुजबुजल्या. "जरा तरी डोकं वापरायचं ना बाईने." हे तूबा खानूमना ऐकू गेलं. मी त्यांचा चेहरा बघितला. चाळिसावा झाल्यावर त्या कायमच्या मलायेरला गेल्या. खालची खोली बंद झाली. धुनकी खुंटीवर तशीच लटकत राहिली.

मग पहिला मोठा बर्फ पडला.

सकाळभर पडला. दुपारी ऊन आलं. मी आणि अख्तरजान बुखारीजवळ पडलो होतो.

खर्र...

खर्र... खर्र...

लाकडी फावड्याचा आवाज. वर, अगदी डोक्यावर.

अख्तरजान उठून बसली. "बघितलंस ना सीमीन? गुडघ्याचं टरबूज झालंय आणि म्हातारा बर्फ काढतोय! पडला म्हणजे मग मलाच निस्तरायचं." तिने छताकडे तोंड करून आवाज चढवला, "आगा! खाली या आधी!"

"काय झालं?"

अमूंचा आवाज शेजारच्या खोलीतून आला.

ते दारात उभे राहिले. अंगावर चादर, झोपेने सुजलेले डोळे.

खर्र... खर्र...

आम्ही तिघंही वर बघत राहिलो. बराच वेळ. मग आवाज थांबला.

अमूंनी किल्ली घेतली. गच्चीच्या दाराला कुलूप होतं. शेजारी खुंटीला फावडं टांगलेलं. मी हात लावून बघितलं. कोरडं.

दार उघडलं. गच्ची झाडून पुसून ठेवल्यासारखी. सगळा बर्फ अंगणाच्या एका कोपऱ्यात, जिथे कुणाच्या पायांत येणार नाही असा, रचून टाकलेला.

पावलं नव्हती. येतानाची नाहीत, जातानाची नाहीत.

पलीकडच्या गच्चीवरून शेजारी ओरडला, "वा हश्मतआगा! गुडघा दुखतो म्हणता आणि आमच्या आधी मोकळे! या की इकडे, दोन हात आमच्या गच्चीलाही मारा!"

अमू हसले नाहीत. त्यांनी दार ओढून घेतलं.

"शेजाऱ्याचंच काम असणार. चेष्टा करतोय," आत आल्यावर ते अख्तरजानला म्हणाले.

तिने मान डोलावली. पण त्या दिवसापासून ती जिना चढताना पुटपुटत प्रार्थना म्हणायला लागली.

कडाक्याच्या थंडीत अंगणातल्या एका नळाचं गोणपाट सुटून गेलं. आज बांधतो, उद्या बांधतो असं अमूंचं चाललं होतं. एका दुपारी मी दवाखान्यातून आले, तर नळावर काहीतरी लाल दिसलं.

लाल साटीन. आत कापूस भरून नळाभोवती गुंडाळलेलं... आणि शिवलेलं. बारीक, एकसारखे टाके, मधेमधे मारलेली गाठ आत दडवलेली.

अख्तरजानने बोट फिरवलं आणि चटका बसल्यासारखं मागे घेतलं.

"माझ्या अंथरुणावर पंधरा वर्षं हेच टाके आहेत, सीमीन. हे मला सांगायला नको."

अमू खिडकीतून बघत होते. ते खाली आले नाहीत.

नवरोज गेला. कूलर सुरू करायचे दिवस आले. अमू नव्या गवताचा भारा खांद्यावर टाकून वर गेले. बराच वेळ झाला तरी उतरेनात, म्हणून मी गेले.

ते कूलरपाशी खाली बसले होते. ताडपत्री घडी करून ठेवलेली. आत नवं गवत, ओलं, हिरवट. पंप चालू. आणि खाली अख्तरजानचा आवाज, "अरे वा, आला की गार वारा!"

तो वारा आम्ही उन्हाळाभर घेतला. त्याला किंचित कापसाचा वास यायचा. सांगायला लाज वाटते, पण खोटं बोलत नाही, झोप फार छान लागायची.

फक्त अमूंना लागत नव्हती.

तुम्हाला वाटेल, यात भिण्यासारखं काय? कुणी त्रास दिला नाही. काही फोडलं नाही. उलट कामं होत होती.

पण अमूंचा चेहरा बघायला हवा होता. प्रत्येक झालेल्या कामाबरोबर ते वाळत चालले होते. मग त्यांनी हट्टच धरला, की यापुढे आपण आधी पोचायचं. टाकी लवकर घासायला काढली, तर ती स्वच्छ. दाराची बिजागरी कुरकुरली म्हणून तेल आणायला गेले, तर येईपर्यंत ती गप्प.

"मला माझ्या घराचं काम करू देत नाही तो," एकदा जेवताना म्हणाले.

"कोण?" अख्तरजानने विचारलं.

त्यांनी घास खाली ठेवला आणि उठून गेले.

डांबराचे दिवस आले. भर उन्हात त्यांनी मला बरोबर घेतलं. "तू नुसती दारात उभी राहा. कुणी आलं तर सांग."

वर गेलो. ऊन असं, की डोळे उघडवेनात. अमूंनी डब्याखाली जाळ केला. मग त्यांनी भेगेवर हात ठेवला आणि झटकन मागे घेतला.

भेगा भरलेल्या होत्या. डांबर अजून गरम, मऊ. आमचं अजून वितळलंही नव्हतं.

आणि तेव्हाच...

टण्ण...

खालच्या खोलीचं धुराडं अमूंपासून हाताच्या अंतरावर होतं. आवाज त्यातून वर येत होता.

टण्ण... टण्ण... टण्ण...

कुणीतरी खाली, बंद खोलीत, कापूस पिंजत होतं. सावकाश. दिवस मोठा असल्यासारखं.

मी जिन्याकडे मागे सरले.  अमू मात्र धुराड्याकडे सरकले, गुडघ्यांवर, आणि दोन्ही हातांनी त्याला धरून त्यात तोंड घालून ओरडले,

"उस्ता, बस करा! उस्ता, मी चुकलो! तुमच्या पाया पडतो, बस करा!"

टण्ण थांबलं.

खालून गार हवेचा एक झोत वर आला आणि अमूंचे केस हलले. भर उन्हाळ्यात, बंद खोलीतून.

त्या दुपारी अमूंनी आम्हा दोघींना बसवून सांगितलं. डोळे सतरंजीवर.

"धुराड्यात घरटं होतं. कबुतराचं. त्या दिवशी इरजला बघितलं आणि आधी धुराडंच डोक्यात आलं. धावत वर गेलो. हात घातला... होतंच. काटक्या, पिसं, चिखल. काढून खिशात कोंबलं. नंतर बेकरीच्या तंदुरात टाकलं. ती माणसं आली तेव्हा धुराडं मोकळं होतं."



"म्हणजे कापसाने नाही?" अख्तरजानने विचारलं.

"धुराडं मोकळं असतं तर नुसत्या कापसाने काही झालं नसतं."

"आणि ती बाई हात पुढे धरून उभी होती. तुमच्यासमोर. आणि तुम्ही म्हणालात, नशीब."

"अख्तर..."

"नाव घेऊ नका माझं! मी तिला हलवा भरवला हो या हातांनी. मी तिला म्हणाले, चूक कुणाकडूनही होते. मी तिला माफ करून आले, हश्मत! कशाबद्दल? कशाबद्दल माफ केलं मी तिला?"

इतक्या वर्षांत तिने त्यांना नुसत्या नावाने हाक मारलेली मी ऐकली नव्हती.

ठरलं, मलायेरला जाऊन तूबा खानूमना सांगायचं. अमू म्हणाले, जातो.

पण मग ऊन फार होतं. मग गुडघा दुखायला लागला.

"तेव्हाही गुडघाच होता," अख्तरजान म्हणाली, आणि त्यानंतर तिने त्यांच्याशी बोलणं टाकलं. ताट वाढायची, पाणी ठेवायची. बोलायची माझ्याशी.

मलायेरहून येणारे लोक काय काय सांगायचे. तूबा खानूम सुई हातात धरत नाहीत. बहिणीच्या घरातल्या खिडक्यांची तावदानंच काढून ठेवलीत. बर्फातसुद्धा. छातीत कफ धरलाय, पण ऐकत नाहीत.

अमू ऐकायचे. मान खाली घालून ऐकायचे. आणि जायचे नाहीत.

अक्रोडाची पानं गळायला लागली. एका सकाळी मी चहा करत होते आणि अमूंच्या खोलीतून आवाज आला. किंचाळल्याचा नाही. श्वास आत ओढल्याचा.

त्यांच्या अंथरुणाशेजारी, सतरंजीवर, ओल्या पानांचा ढीग होता. पन्हळीतली पानं. काळी पडलेली, चिकट, अजून पाणी गळत असलेली. नीट रचलेली.

घराची दारं आतून बंद होती.

आणि ढिगावर, अगदी वर... एक घरटं.

काटक्या. पिसं. वाळलेला चिखल.

"हे मी जाळलं होतं," अमू म्हणाले. लहान मुलासारखा आवाज. "सीमीन, मी हे जळताना बघितलं होतं गं."

त्यांनी ते रुमालात बांधलं. कोट चढवला. आम्ही तिघं मिळेल त्या पहिल्या गाडीने मलायेरला गेलो.

तूबा खानूम ओळखू आल्या नाहीत. घर उघडंबोडकं, वारा इकडून तिकडे जात होता, त्यात त्या शाल घेऊन बसल्या होत्या. बहिणीने चहा आणला. कुणी हात लावला नाही.

अमूंनी रुमाल सोडला आणि सगळं सांगितलं. काही लपवलं नाही. उस्तांनी दोनदा आठवण केली होती, तेही सांगितलं.

तूबा खानूमनी घरट्याकडे बघितलं. मग अमूंच्या हातांकडे.

"एवढंसं?" म्हणाल्या.

"हो, खानूम."

"ओंजळीत मावेल एवढं."

"हो."

"मी वर्षभर झोपले नाही, आगा. डोळे मिटले की बोटं आपोआप कापूस वळायला लागतात." त्यांनी बोटं वळून दाखवली. "आणि तुम्ही गप्प राहिलात."

अमू रडायला लागले. म्हातारा माणूस रडताना बघवत नाही. म्हणाले, "उस्तांनी मला सोडलं नाही, खानूम. वर्षभर येतायत. बर्फ काढतात, पन्हळी काढतात, कूलर... सगळी कामं करतात. एक काम ठेवलं नाही मला."

तूबा खानूम ताडकन उठल्या.

"येतात?"

त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. काय होतं ते मला तेव्हा कळलं नाही.

"आवाज येतो त्यांचा? दिसतात?"

"दिसत नाहीत. फावड्याचा आवाज येतो. धुनकीचा."

"धुनकीचा..." त्या पुटपुटल्या. मग हात पुढे केला. "गच्चीची किल्ली द्या."

अमूंनी दिली.

उस्तांना वर्ष झालं त्या दिवशी अमू मशिदीत सगळ्यांसमोर उभे राहिले आणि तेच सगळं पुन्हा सांगितलं. सातव्या दिवशी कुजबुजलेल्या बायका पडद्यामागे होत्या. नंतर ते पोलिस कचेरीतही जाऊन लिहून देऊन आले. त्याचं प्रकरण अजून रेंगाळतंय. शेजारी आता सलामाला उत्तर देत नाही. अमू त्यालाही सलाम करतात.

आणि तूबा खानूम परत आल्या. खालच्या खोलीत.

त्यांनी माफ केलं असं कुणी समजू नका. त्या अमूंशी एक शब्द बोलत नव्हत्या. रोज जेवण झालं की किल्ली घेऊन आमच्या दारावरून जिना चढायच्या, गच्चीवर सतरंजी टाकून बसायच्या. ऊन उतरेपर्यंत. मग खाली.

गच्ची आता त्यांची. कुणी काही करायचं नाही, कशाला हात लावायचा नाही. पन्हळी भरल्या. कूलरची ताडपत्री वाऱ्याने फाटली. त्या बघत बसायच्या.

अमूंच्या घरातून आवाज गेले होते. ज्या दिवशी मलायेरला गेलो त्या दिवसापासून. खर्र नाही, टण्ण नाही. काही नाही.

एकदा अंगणात अमूंनी त्यांना गाठलं. मी नळावर होते, मी ऐकलं.

"खानूम... ते येतात का?"



"तुमच्याकडे वर्षभर आले, आगा," त्या म्हणाल्या. "माझ्याकडे एकदाही आले नाहीत. मलायेरला नाही, इथेही नाही. मी तिथे खिडक्या काढून टाकल्या, इथे दार उघडं टाकून बसते. त्यांना गच्चीची कामं दिसतात, मी दिसत नाही का हो?"



त्या जिना चढून गेल्या. अमू तिथेच उभे राहिले. रात्री जेवले नाहीत. अख्तरजान त्या दिवसापासून त्यांच्याशी परत बोलायला लागली. कीव आली असावी.

मी आता तेहरानला असते. बदली मागून घेतली. माझ्या भाड्याच्या घरातली बुखारी मी पेटवत नाही, विजेची शेगडी वापरते. मैत्रिणी हसतात.

उस्ता का यायचे, याचा विचार मी करायचं सोडलंय. रागाने यायचे म्हणावं, तर इतकं नेटकं काम रागात होत नाही. आणि दया म्हणून म्हणावं, तर ज्या बाईला हवी होती तिच्याकडे ते गेले नाहीत.

परवा हमादानला या हिवाळ्यातला पहिला बर्फ सुरू झाला. दुपारी मी फोन केला.

अख्तरजान हळू बोलत होती. गेल्या साली कुणी गच्चीला हात लावला नाही, त्यामुळे अमूंच्या खोलीचं छत मधोमध खाली आलंय. पाणी झिरपतं. अमूंनी खाली घमेलं ठेवलंय, पण वर जाऊ का असं ते विचारत नाहीत, आणि तिलाही विचारू देत नाहीत. तिने त्यांना दुसऱ्या खोलीत झोपायला सांगितलं, तर नको म्हणाले. तिथेच पडतात, त्या छताखाली.

"आणि तूबा खानूम?" मी विचारलं.

"वर."

"इतक्या बर्फात?"

"सकाळपासून. डोक्यावर शाल घेऊन. दोनदा हाक मारली. म्हणते, साचू दे, भरपूर साचू दे. काम दिसलं तर येतील."

 तिने छताकडे कान लावलेत हे मला इथून कळत होतं.

"काही ऐकू येतंय?" मी विचारलं.



"नाही," ती म्हणाली. "बर्फ नुसता पडतोय."